वेतन नाकारणारी पलटण

एखाद्या मनुष्याला त्याच्या कामाचें न्याय्य वेतन मिळत नसेल, तर त्यानें काम टाकून निघून जावें, कीं जें हातावर पडेल तें घेऊन मुकाट्यानें राबत राहावें? हा प्रश्न नवा नाहीं. ज्या गांवांत कोणी दुसऱ्याच्या शेतावर खपतो, कोणी दुसऱ्याच्या घरीं पाणी भरतो, त्या प्रत्येक गांवांत तो उठतो. बहुतेक लोकांची अशी समजूत आहे कीं, या दोन वाटांखेरीज तिसरी वाट नाहीं; जो पहिलीनें जातो त्याला ते भांडखोर म्हणतात, आणि जो दुसरीनें जातो त्याला गरीब गाय म्हणतात. परंतु इतिहासांत एक पलटण अशी होऊन गेली कीं, तिनें कामही टाकलें नाहीं आणि कमी वेतनही घेतलें नाहीं. सुमारें दीड वर्ष ती एक कवडीही न स्वीकारतां लढत राहिली. तिचा वृत्तांत आज वाचकांपुढें ठेवून तिच्या वागणुकीचा नीतीच्या दृष्टीनें आम्ही विचार करणार आहों.

ही पलटण अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांची. १८६१ पासून १८६५ पर्यंत त्या देशांत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्यें मोठें यादवी युद्ध झालें. त्या युद्धाची झळ आमच्या देशालाही लागली होती. अमेरिकेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, म्हणून वऱ्हाड-खानदेशांतील कापसाला पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. मुंबईंत पैशाचा पूर लोटला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो ओसरून पुष्कळ पेढ्या बुडाल्या. आपल्याकडे त्या काळीं कापसाच्या भावाची चर्चा पुष्कळ झाली असेल. परंतु अमेरिकेंत तो कापूस कोण वेंचीत असे, हें फार थोड्यांच्या मनांत आलें असेल. तो वेंचणारे लोक गुलाम होते. युद्धाच्या आरंभीं दक्षिणेंत सुमारें ४० लाख कृष्णवर्णी स्त्रीपुरुष व मुलें गुलामगिरींत होतीं. त्यांना वेतन कमी मिळे असें म्हणणें व्यर्थ आहे. त्यांना वेतन मुळींच नव्हतें. त्यांचें शरीर, त्यांची लेकरें, त्यांचे दिवस आणि रात्री हीं सर्व धन्याचीं होतीं.

आरंभीं उत्तरेचें सरकार कृष्णवर्णी लोकांस सैन्यांत घेण्यास तयार नव्हतें. हें गोऱ्यांचें युद्ध आहे, काळ्या माणसाला बंदूक धरतां येणार नाहीं, तो धन्याला पाहतांच पळून जाईल, असें उत्तरेंतीलही पुष्कळ लोक म्हणत. १ जानेवारी १८६३ रोजीं अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांचा मुक्ततेचा जाहीरनामा अमलांत आला, आणि त्याच महिन्यांत मॅसॅच्युसेट्स संस्थानचे गव्हर्नर जॉन अँड्रू यांनीं कृष्णवर्णी लोकांची पलटण उभारण्याची परवानगी मिळविली. या संस्थानचें नांव मराठी मंडळ्यांस परकें नाहीं. ज्या अमेरिकन संस्थेनें १८१३ पासून मुंबईस व १८३१ पासून अहमदनगरास काम चालविलें, तिचें मुख्य ठाणें याच संस्थानांतील बोस्टन शहरीं होतें. पलटणीचें नांव मॅसॅच्युसेट्सची ५४ वी स्वयंसेवक पायदळ पलटण असें ठेवण्यांत आलें. त्या लहान संस्थानांत कृष्णवर्णी वस्ती थोडी होती, म्हणून पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो, इतकेंच नव्हे तर कॅनडा येथूनही माणसें आलीं. त्यांत शेतमजूर होते, खलाशी होते, न्हावी होते, शिकलेले लोकही होते. गुलामगिरींतून स्वतः पळून येऊन मोठा वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस यानें या भरतीसाठीं गांवोगांव भाषणें केलीं, आणि आपले लूइस व चार्ल्स हे दोन मुलगे या पलटणींत घातले. अंमलदार मात्र गोरेच असावेत असा सरकारचा ठराव होता. मुख्य अंमलदार कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा २५ वर्षांचा तरुण होता. त्याचे आईबाप गुलामगिरीच्या विरुद्ध काम करणारे होते.

भरतीच्या वेळीं या लोकांस असें वचन देण्यांत आलें कीं, तुम्हांस इतर शिपायांइतकेंच वेतन, म्हणजे दरमहा १३ डॉलर, व त्यांच्यासारखाच पोशाख मिळेल. हें वचन वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढील सर्व गोष्ट त्यावर उभी आहे.

यांच्या वांट्याला आलेला धोकाही इतरांहून अधिक होता. गोरा शिपाई शत्रूच्या हातीं सांपडला तर तो युद्धकैदी होई. परंतु दक्षिणेच्या काँग्रेसनें मे १८६३ मध्यें ठराव केला होता कीं, कृष्णवर्णी शिपाई सांपडला तर त्याला त्या त्या संस्थानाच्या स्वाधीन करावें, म्हणजे त्याला पुन्हां गुलाम करतां यावें किंवा फांशीं देतां यावें. आणि त्यांच्या गोऱ्या अंमलदारांसही मृत्यूची शिक्षा देतां यावी. हें ठाऊक असतांनाही ती पलटण २८ मे १८६३ रोजीं बोस्टनच्या रस्त्यांतून संचलन करीत बंदरावर गेली आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजावर चढली.

दोन महिन्यांच्या आंत तिची कसोटी झाली. दक्षिण कॅरोलिना संस्थानांत चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशीं मॉरिस नांवाचें वाळूचें बेट आहे, आणि त्यावर वॅग्नर नांवाचा किल्ला होता. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस दलदल, आणि मधून वाळूची चिंचोळी पट्टी, एवढीच वाट. १८ जुलै १८६३ रोजीं दिवसभर तोफांचा मारा करूनही तो किल्ला फारसा खचला नव्हता. सायंकाळीं ५४ व्या पलटणीचे सुमारें ६०० लोक सर्वांच्या पुढें होऊन चालून गेले. कित्येकजण तटावर चढले. कर्नल शॉ तटाच्या माथ्यावर पडला. त्या एका रात्रीं मेलेले, जखमी झालेले व हरवलेले असे पलटणीचे २७० हून अधिक लोक कामास आले. निशाण धरणारा पडतांच सार्जंट विल्यम कार्नी यानें तें उचललें, आणि अंगावर अनेक जखमा असतांना तें परत आणलें. हा कार्नी व्हर्जिनिया संस्थानांत गुलाम म्हणून जन्मास आला होता. या शौर्याबद्दल त्याला देशाचें सर्वांत मोठें सन्मानपदक मिळालें खरें, परंतु तें १९०० सालीं, म्हणजे ३७ वर्षांनीं.

किल्ला त्या रात्रीं मिळाला नाहीं. शत्रूनें कर्नल शॉ याचें प्रेत त्याच्या कृष्णवर्णी शिपायांबरोबर एकाच खड्ड्यांत पुरलें. असें करण्यानें त्याचा अपमान होईल अशी त्यांची कल्पना होती. परंतु पुढें तें प्रेत काढून आणण्याची गोष्ट निघाली, तेव्हां त्याच्या पित्यानें कळविलें कीं, ज्या ठिकाणीं तो आपल्या माणसांबरोबर पडला तेंच त्याच्या विश्रांतीस योग्य ठिकाण आहे, तें कोणीं हलवूं नये.

त्याच आठवड्यांत उत्तरेंतील न्यूयॉर्क शहरांत काय चाललें होतें? १३ जुलैपासून चार दिवस तेथें सक्तीच्या सैन्यभरतीच्या विरुद्ध दंगल झाली. जमावानें कृष्णवर्णी लोकांस रस्त्यांत गांठून ठार केलें, आणि त्यांच्या अनाथ मुलांचा आश्रम जाळून टाकला. ज्यांच्या जातभाईंचीं घरें उत्तरेंत जळत होतीं, तेच लोक उत्तरेच्या निशाणासाठीं वाळूंत पडून मरत होते. ही गोष्ट ज्याला ठाऊक नाहीं त्याला त्यांच्या निष्ठेची किंमत कळणार नाहीं.

आतां वेतनाची हकीकत सांगतों. पगार देणारा अंमलदार आला तेव्हां त्यानें सांगितलें कीं, १८६२ सालच्या कायद्याप्रमाणें कृष्णवर्णी माणसाला दरमहा १० डॉलर मिळतील, आणि त्यांतूनही ३ डॉलर कपड्यासाठीं कापले जातील. हातावर ७ डॉलर पडतील. तो कायदा खंदक खणणाऱ्या व सामान वाहणाऱ्या मजुरांस उद्देशून होता. त्यांत हुद्द्याचाही विचार नव्हता. गोऱ्या साध्या शिपायाला १३ डॉलर मिळत, आणि कृष्णवर्णी सार्जंटाला १०. पलटणीनें हा पैसा घेण्याचें नाकारलें. पगारवाला पुन्हां पुन्हां आला, आणि पुन्हां पुन्हां रिकाम्या हातीं नव्हे, तर भरल्या थैलीनें परत गेला. २८ सप्टेंबर १८६३ रोजीं कॉर्पोरल जेम्स हेन्री गूडिंग या शिपायानें मॉरिस बेटावरून थेट अध्यक्ष लिंकन यांस पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, आम्ही शिपाई आहों कीं मजूर आहों, एवढें सांगावें. शिपायाचें काम आम्हीं केलें आहे, तर शिपायाचें वेतन आम्हांस कां नसावें?

येथें पहिला आक्षेप निघतो. कोणी म्हणेल, ‘हा शेवटीं पैशाचाच तंटा. सहा डॉलरांसाठीं एवढा हट्ट कशाला? संतोष हा सद्गुण आहे, आणि मिळेल त्यांत समाधान मानणें हें सज्जनाचें लक्षण आहे.’ या आक्षेपाला त्या पलटणीनेंच उत्तर दिलें आहे. नोव्हेंबर १८६३ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळानें ठरविलें कीं, सरकार जें कमी देतें तें आपण आपल्या तिजोरींतून भरून द्यावें, म्हणजे शिपायांस पुरे १३ डॉलर मिळतील. हेतु चांगला होता. परंतु शिपायांनीं आभार मानून तेंही नाकारलें. पैशाचाच लोभ असता तर हा पैसा त्यांनीं आनंदानें घेतला असता. त्यांचें म्हणणें असें होतें कीं, जें सरकार आम्हांस रणांत पाठवितें त्यानेंच आम्हांस शिपाई म्हणावें. दुसऱ्यानें दयेनें भरून दिलेल्या रकमेनें तो शब्द मिळत नाहीं.

हा भेद एका साध्या उदाहरणानें समजेल. एका शेतावर दोन मजूर एकाच पातीला बरोबरीनें कापणी करितात. सायंकाळीं खळ्यावर धनी एकाला चार पायली धान्य घालतो, आणि दुसऱ्याला, तो अमक्या जातीचा आहे म्हणून, दोन पायली. शेजारचा दयाळू शेतकरी हें पाहून म्हणतो, ‘राहिलेल्या दोन पायल्या माझ्या कणगींतून ने.’ दुसऱ्या मजुराची टोपली भरली. परंतु त्याचा तंटा मिटला काय? त्याला जें कमी मिळालें तें केवळ धान्य नव्हतें. धन्यानें आपल्या मापानें असें सांगितलें कीं, तुझा घाम याच्या घामाच्या निम्म्या किंमतीचा आहे. ती गोष्ट शेजाऱ्याच्या धान्यानें खोटी ठरत नाहीं. ती ज्यानें सांगितली त्यानेंच मागें घेतली पाहिजे. संतोष हा सद्गुण आहे खरा; परंतु आपल्या वांट्याला जें थोडें आलें आहे त्यांत संतोष मानणें निराळें, आणि आपण थोड्या किंमतीचे मनुष्य आहों या असत्यास मान डोलावणें निराळें. पहिलें समाधान आहे. दुसरें असत्याला दिलेली साक्ष आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूनें येतो. ‘वेतन घ्यावयाचें नाहीं तर चाकरी तरी कां करावी? ज्या सरकारनें वचन मोडलें त्याच्यासाठीं प्राण देण्याचें बंधन कोठें राहिलें?’ व्यवहाराच्या दृष्टीनें हा प्रश्न योग्य आहे. करार एका बाजूनें मोडला म्हणजे दुसरी बाजू मोकळी होते. परंतु त्या लोकांनीं आपलें कर्तव्य केवळ पगार देणाऱ्याशीं बांधलेलें नव्हतें. त्यांच्या पुढें, किल्ल्याच्या पलीकडे, ४० लाख माणसें बेड्यांत होतीं. सरकार त्यांचें देणें देत नव्हतें. पण त्यांच्या स्वतःच्या मनानें ते त्या ४० लाखांचें देणें लागत होते. हीं दोन खातीं निराळीं आहेत. मला कोणाकडून काय येणें आहे हें एक खातें, आणि मीं कोणाला काय द्यावयाचें आहे हें दुसरें. आम्हां माणसांची संवय अशी कीं, आपलें येणें बुडालें म्हणजे आपलें देणेंही बुडवून टाकावें, आणि तेंही भलत्याच माणसाचें. सावकारानें नाडलें म्हणून घरीं येऊन बायकोला मारणारा मनुष्य हाच जमाखर्च करीत असतो. या पलटणीनें एका खात्याचा राग दुसऱ्या खात्यांत मांडला नाहीं.

त्याचा दाखला २० फेब्रुवारी १८६४ रोजीं फ्लॉरिडा संस्थानांत ओलस्टी येथें दिसला. तेथें उत्तरेच्या सैन्याचा मोठा मोड झाला. सर्व फौज मागें हटत असतां ५४ वी पलटण दुसऱ्या एका कृष्णवर्णी पलटणीसह पिछाडी सांभाळून उभी राहिली, म्हणून इतरांस निसटतां आलें. पुढें सरसावतांना त्यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या नांवाबरोबर महिन्याच्या सात डॉलरांचाही जयघोष केला असें सांगतात. त्या एका थट्टेंत त्यांची सारी कडवट विनोदबुद्धि आहे. नंतर जखमींनीं भरलेल्या आगगाडीचें इंजिन वाटेंत बिघडलें, तेव्हां थकलेल्या या शिपायांनीं माघारीं फिरून तिला दोर बांधले आणि ती हातांनीं ओढून नेली. गाडींतील जखमींपैकीं पुष्कळजण १३ डॉलर घेणारे होते. ओढणाऱ्यांस तोंवर एक डॉलरही मिळालेला नव्हता. ज्यानें लिंकन यांस पत्र लिहिलें तो कॉर्पोरल गूडिंग याच लढाईंत जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला, आणि १९ जुलै १८६४ रोजीं अँडर्सनव्हिलच्या बंदिशाळेंत मरण पावला. आपल्या प्रश्नाचें उत्तर हातांत पडलेलें पाहण्यास तो राहिला नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो आम्ही हलक्या मनानें बाजूला सारूं इच्छीत नाहीं. शिपायाला छावणींत भाकर तरी मिळत होती. परंतु घरीं बायकामुलें होतीं. महिन्यामागून महिने पैसा न आल्यानें कित्येक कुटुंबें अन्नास महाग झालीं, कित्येकांस दुसऱ्यांच्या दारीं जावें लागलें, आणि तशीं पत्रें रणांत येत होतीं. आपल्या तत्त्वासाठीं स्वतः उपाशी राहणें हा मनुष्याचा अधिकार आहे. परंतु त्याच्या तत्त्वासाठीं त्याच्या मुलानें उपाशी राहावें काय? आम्हांस असें वाटतें कीं, याचें असें उत्तर नाहीं, कीं जें ऐकून त्या मातांचें दुःख नाहींसें होईल. त्या शिपायांच्या बाजूनें एवढें म्हणतां येतें कीं, ज्या मुलांचें पोट त्या वर्षीं रिकामें राहिलें त्यांच्याच पुढच्या सर्व आयुष्याचा तो प्रश्न होता. सात डॉलर एकदां स्वीकारले असते तर तोच कृष्णवर्णी माणसाचा कायमचा भाव ठरला असता. बाप आपल्या मुलाला एक वर्षाची भाकर देऊं शकत नव्हता, म्हणून त्यानें त्याला बरोबरीचें नांव मिळवून देण्याचा यत्न केला. परंतु यावरून एक गोष्ट निश्चित ठरते. असा त्याग ज्याचा त्यानेंच ठरवावा. दुसऱ्याच्या मुलांच्या उपाशीपणावर तत्त्वाची इमारत बांधण्याचा हक्क बाहेरच्या उपदेशकास नाहीं. आणि ज्या बापानें मुलांसाठीं ते सात डॉलर घेतले असते, त्याला नीच म्हणण्याचाही हक्क कोणास नाहीं.

हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण अशा गोष्टींचा एक दुरुपयोग होऊं शकतो. दक्षिण कॅरोलिनांतील दुसऱ्या एका कृष्णवर्णी पलटणींत सार्जंट विल्यम वॉकर नांवाचा शिपाई होता. त्यानेंही वेतनाच्या याच अन्यायामुळें १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं आपल्या तुकडीसह बंदुका कर्नलच्या तंबूपुढें रचून ठेवल्या, आणि पुरें वेतन मिळेपर्यंत चाकरी करणार नाहीं असें कळविलें. त्याच्यावर बंडाचा आरोप ठेवून २९ फेब्रुवारी १८६४ रोजीं त्याला गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. गव्हर्नर अँड्रू यांनीं या गोष्टीवर जी टीका केली तिचा भावार्थ असा कीं, त्याला शिपायाचें वेतन देण्यास सरकारला कायदा सांपडला नाहीं, परंतु त्याला शिपाई म्हणून ठार मारण्यास मात्र सांपडला.

आतां कोणी धनी किंवा अधिकारी ५४ व्या पलटणीची गोष्ट ऐकून आपल्या नोकरांस म्हणेल, ‘पाहा, चांगले लोक असे असतात, वेतन नसलें तरी काम करितात. तुम्ही वॉकरसारखे होऊं नका.’ असें म्हणणाऱ्यानें या गोष्टीतला एक शब्दही ओळखला नाहीं. ५४ वी पलटण गप्प बसली नव्हती. तिनें प्रत्येक वेळीं पैसा परत केला, अध्यक्षांस पत्रें लिहिलीं, वर्तमानपत्रांतून आपलें गाऱ्हाणें मांडलें. तिच्या छावणींतही असंतोष होता; कधीं कधीं तो उघड आज्ञाभंगाच्या कांठापर्यंत आला. तिची वाट अधिक उत्तम होती असें आम्ही मानतों. परंतु वॉकरच्या रक्ताचा दोष वॉकरच्या माथीं नाहीं, तो वचन मोडणाऱ्यांच्या माथीं आहे. मार खाणाऱ्यानें किती धीरानें मार खाल्ला हें पाहण्यापूर्वीं, मारणाऱ्याचा हात कोणाचा होता हें पाहावें.

अखेर १५ जून १८६४ रोजीं काँग्रेसनें समान वेतनाचा कायदा केला. परंतु त्यांतही एक कांटा ठेवला. जे लोक १९ एप्रिल १८६१ रोजीं, म्हणजे युद्धाच्या आरंभीं, स्वतंत्र होते त्यांनाच भरतीच्या दिवसापासून पुरें वेतन मिळणार होतें. जे त्या दिवशीं गुलाम होते, त्यांना तें १ जानेवारी १८६४ पासूनच मिळणार होतें. पलटणींत दोन्ही प्रकारचे लोक होते. एकाच खंदकांत उभे राहिलेले दोन भाऊ पुन्हां दोन मापांनीं मोजले जाणार होते. तेव्हां शॉ याच्या जागीं आलेला कर्नल एडवर्ड हॅलोवेल, जो क्वेकर घराण्यांतला होता, त्यानें शपथेचे शब्द असे योजिले कीं, प्रत्येक शिपायानें देवासमक्ष हात वर करून सांगावें, कीं त्या तारखेला किंवा त्यापूर्वीं माझे बिनमोबदल्याचे श्रम घेण्याचा कोणाही माणसाला हक्क नव्हता. जे स्वतंत्र जन्मले होते त्यांनीं ही शपथ घेतली, आणि जे त्या दिवशीं गुलाम होते त्यांनींही घेतली.

ही खोटी शपथ झाली काय? शपथेच्या बाबतींत शब्दांचा खेळ करणें हें पाप आहे, असें आम्ही मानतों, म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार केला पाहिजे. त्या शिपायानें जर असें म्हटलें असतें कीं, ‘मला कोणीं गुलाम केलेलें नव्हतें,’ तर तें असत्य झालें असतें. परंतु त्याला विचारलें होतें तें हक्काविषयीं. धन्यानें त्याचे श्रम घेतले होते हें खरें. पण घेण्याचा हक्क त्याला होता काय? संस्थानाचा कायदा म्हणे, होता. त्या मनुष्याचा विवेक, आणि ज्याच्या नांवानें तो शपथ घेत होता तो देव, म्हणे, नव्हता. चोरानें माझी गाय दहा वर्षें गोठ्यांत बांधली म्हणून ती त्याची होत नाहीं. आणि ती त्याची कधींच नव्हती असें मीं सांगितलें तर तें असत्य होत नाहीं. यास्तव आमच्या मतें ती शपथ खरी होती. किंबहुना त्या संस्थानाच्या कायद्यापेक्षां ती अधिक खरी होती. पुढें ३ मार्च १८६५ च्या कायद्यानें अशा पलटणींतील हा भेदही काढून टाकण्यांत आला.

सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस पलटणीला भरतीच्या दिवसापासूनचें पुरें वेतन मिळूं लागलें. सुमारें १,७०,००० डॉलर एकदम वांटावे लागले. परंतु त्या पैशाकडे हात पुढें करण्यास वॅग्नरच्या वाळूंतले आणि ओलस्टीच्या रानांतले लोक नव्हते. हुद्द्याच्या बाबतींतही असेंच झालें. सार्जंट स्टीफन स्वेल्स याला गव्हर्नरानें १८६४ मध्यें लेफ्टनंट नेमलें. परंतु त्याच्या अंगांत आफ्रिकन रक्त आहे म्हणून युद्धखात्यानें त्याला तो हुद्दा देण्याचें नाकारलें, आणि जानेवारी १८६५ मध्यें तो त्याला मिळाला. त्या युद्धांत एकंदर सुमारें १,८०,००० कृष्णवर्णी शिपाई उत्तरेकडून लढले. २ सप्टेंबर १८६५ रोजीं ५४ वी पलटण बोस्टनला शेवटचें संचलन करून मोडण्यांत आली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत घटनेच्या दुरुस्तीनें गुलामगिरी सर्व देशांतून नाहींशी झाली. १८९७ सालीं बोस्टनमध्यें त्या पलटणीचें मोठें स्मारक उभें राहिलें. त्यावर शॉ घोड्यावर आहे आणि शिपाई पायीं चालत आहेत. परंतु मेलेल्या गोऱ्या अंमलदारांचीं नांवें त्यावर कोरलीं गेलीं, आणि मेलेल्या कृष्णवर्णी शिपायांचीं नांवें १९८० नंतरच्या दशकांत घातलीं गेलीं. समान माप मिळविण्यास मेल्यानंतरही इतका काळ लागतो.

ही हकीकत आमच्या प्रांतांत अगदींच पोंचली नाहीं असें नाहीं. १८७३ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि गुलामांस मुक्त करण्याच्या कामीं ज्या अमेरिकन लोकांनीं औदार्य व स्वार्थत्याग दाखविला त्यांस तें अर्पण केलें. आपल्या देशांतल्या माणसांचींही मापें निरनिराळीं आहेत, हें त्यांना दिसत होतें.

तीं आजही दिसतात. भारतांत समान कामास समान वेतन असा स्त्रीपुरुषांविषयींचा कायदा १९७६ सालीं झाला. तरीही पुष्कळ गांवांत बाई आणि पुरुष एकाच रानांत उन्हांत खपले तर सायंकाळीं बाईच्या हातावर कमी रोज पडतो, आणि तो देणाऱ्यांत आम्हां-तुम्हांसारखे लोकही असतात. या पलटणीची गोष्ट वाचून ज्याचें मन हललें असेल त्यानें प्रथम आपलें माप पाहावें. आपल्याला येणें आहे त्याचा हिशेब करणें सोपें आहे; आपण कोणाला सात देऊन तेराचें काम घेत आहों काय, हा हिशेब आधीं करावा.

आणि ज्याला स्वतःलाच सात मिळत असतील त्याला आम्ही काय सांगावें? काम सोड असें आम्ही सांगत नाहीं, सोडूं नको असेंही सांगत नाहीं. त्याच्या घरची चूल त्याला ठाऊक आहे. एवढेंच सांगतों कीं, आपलें गाऱ्हाणें स्पष्ट शब्दांत, योग्य जागीं, पुन्हां पुन्हां मांडावें. मिळालेलें कमी माप हें आपलें खरें माप आहे असें मनांतही कबूल करूं नये. आणि आपल्या येण्याचा राग ज्यांचें आपण देणें लागतों त्यांच्यावर काढूं नये. शाळेंतलीं मुलें, आजारी शेजारी, वाट पाहणारें गांव, यांनीं आपलें वेतन बुडविलेलें नाहीं. ओलस्टीच्या वाटेवर ज्यांनीं ती गाडी ओढली त्यांचें येणें सरकारकडे पडून होतें, आणि तें ते सोडणार नव्हते; परंतु गाडींतला जखमी मनुष्य त्यांचा ऋणको नव्हता, हें त्यांना समजत होतें.